दहा मीटर लांबीचे केनवड

‘केनवड’ हा शब्द मोबाइलवर लिहिला की त्याची पाच चिन्हे होतात: क, त्यावरची मात्रा, न, व आणि ड. आज सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पाच चिन्हांचे पंधरा बाइट, म्हणजे शून्य आणि एक यांची १२० जागांची रांग. घरात फायबरचे कनेक्शन असेल तर ही रांग प्रकाश होऊन काचेतून येते. घराकडे येणाऱ्या फायबरवर सेकंदाला सुमारे २४९ कोटी बिट सुटतात आणि काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. भागाकार करून पाहा. एका बिटची लांबी आठ सेंटिमीटर निघते आणि ‘केनवड’ या शब्दाची जवळजवळ दहा मीटर. शब्दातला क घराच्या ओट्याशी पोचतो तेव्हा ड अजून रस्त्यापलीकडच्या खांबापाशी असतो.

प्रत्यक्षात संदेश कुलूपबंद होऊन, पुढेमागे पत्त्यांचे बाइट लावून निघतो, त्यामुळे तो आणखी लांब होतो. पण शब्दाला अंगण-रस्त्याच्या मापाची लांबी असते, हे कळल्यापासून खांबावरून गेलेल्या काळ्या केबलकडे मला पूर्वीसारखे पाहता आलेले नाही.

केनवड हे वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातले, मालेगाव–मेहकर रस्त्यावरचे गाव. मुलूख सोयाबीनचा. काढणी सुरू झाली की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एकच विषय असतो: आज काय भाव निघाला? समजा एका गल्लीतल्या कास्तकाराने हे विचारले आणि मागच्या गल्लीतला त्याला उत्तर देणार आहे. दोन घरांत शंभर पावलांचे अंतर. प्रश्न मात्र त्या शंभर पावलांनी जात नाही. तो गाव सोडतो, जिल्हा सोडतो, कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जातो आणि पुन्हा त्याच गावात उतरतो. मोबाइलवरची पहिली राखाडी टिक म्हणजे प्रश्न सर्व्हरला पोचला. गटात दुसरी टिक म्हणजे तो मागच्या गल्लीतल्या फोनसह सगळ्यांच्या फोनवर आला.

या वाटेबद्दल प्रत्येकाचे काही ना काही मत असते. ‘नेट स्लो आहे’, ‘सर्व्हर डाऊन आहे’, ‘क्लाउडवर टाक, मग काळजी नाही’, ‘आपलं आपल्या घरीच बरं’. ही मते वरवरची म्हणून सोडून देऊ नयेत. त्यातले प्रत्येक मत वाटेवरच्या एखाद्या खऱ्या जागेबद्दल असते. जागा माहीत झाली की मताला धार येते.

पहिला टप्पा फोनपासून राउटरपर्यंतचा, म्हणजे घरातल्या घरातला. तिथली लहर २.४ गिगाहर्ट्झची असेल तर साडेबारा सेंटिमीटर लांब असते, ५ गिगाहर्ट्झची असेल तर सुमारे सहा. लांब लहर भिंतीतून जरा अधिक पार होते. टिनाचे पत्रे तिला परत फिरवतात आणि पावसाळ्यात ओल धरलेली मातीची जाड भिंत तिला पिऊन टाकते, कारण पाणी या लहरी शोषते. म्हणून उन्हाळ्यात माजघरापर्यंत येणारे वायफाय श्रावणात तिथे क्षीण होऊ शकते. ‘नेट स्लो’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथेच, घराच्या आत असते. राउटर लोखंडी कपाटामागून काढून मोकळ्या जागी, जरा उंचावर ठेवला तरी फरक पडतो.

घरातली सगळी यंत्रे एकाच हवेत बोलतात, तरी गोंधळ होत नाही. प्रत्येक यंत्र आधी ऐकते. कोणी बोलत असेल तर थांबते आणि हवा मोकळी झाली की आणखी थोडा वेळ वाट पाहते. हा थोडा वेळ प्रत्येकाने आपापला, नशिबावर सोडून निवडायचा असतो, म्हणून दोघांनी एकाच क्षणी तोंड उघडण्याचा संभव कमी होतो. तरीही टक्कर झालीच तर दोघेही वाट पाहण्याची मर्यादा वाढवतात आणि पुन्हा प्रयत्न करतात. या विचाराचे मूळ १९७१ साली हवाई बेटांवर सुरू झालेल्या अलोहा नावाच्या रेडिओ जाळ्यात आहे. कोणीही मुखत्यार न नेमता शिस्त निर्माण होते, ही गोष्ट मला प्रकाशाच्या वेगाइतकीच विलक्षण वाटते.

राउटरच्या शेजारी, किंवा त्याच्याच पोटात, एक यंत्र असते. लाइनमन त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतो. इथे विजेचा प्रकाश होतो आणि प्रश्न काचेत शिरतो.

ही काच कुठून येते? केनवडच्या रस्त्याने पश्चिमेला निघालो की मेहकर, सिंदखेडराजा, जालना करत छत्रपती संभाजीनगर येते. शहराच्या आधी जालना रस्त्यावरच शेंद्रा लागते आणि शहराच्या पलीकडे वाळूज. स्टरलाइट टेक्नॉलॉजीज ही कंपनी शेंद्र्याला अतिशुद्ध काचेचे दांडके घडवते आणि वाळूजला त्यापासून तंतू ओढते. दांडक्याचे टोक सुमारे दोन हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की काच मऊ होऊन खाली ओघळते आणि तिचा तंतू १२५ मायक्रॉन जाडीला, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाला, स्थिर ठेवत अखंड ओढला जातो. प्रकाश जातो तो त्याच्याही मधल्या आठ-नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून. जगाशी बोलण्याची काच आपल्याच रस्त्यावर, दोनशे किलोमीटरच्या आत बनते, हे इकडच्या शाळांतल्या मुलांना कोणीतरी नेऊन दाखवायला हवे.

काचेतून प्रकाश वाकवून नेता येतो हे पंजाबातल्या मोग्याला जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत लंडनच्या इंपीरियल कॉलेजात काम करून १९५४ साली दाखवले होते. पण त्या काळची काच प्रकाश फार लवकर खाऊन टाकत असे. १९६६ साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी हिशोब मांडला की दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश जरी उरला, तरी टेलिफोन चालेल. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने ती मजल ओलांडली आणि काव यांना २००९ साली नोबेल मिळाले. आज शंभरातल्या एका भागाचे कोणाला कौतुकही वाटणार नाही. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश चांगल्या तंतूतून पंधरा किलोमीटर गेला तरी निम्मा शिल्लक असतो. पंधरा किलोमीटर जाडीची काच, आणि पलीकडे निम्मा उजेड!

आता गावातल्या खांबावरची लहानशी पेटी पाहा. तिच्यात स्प्लिटर असतो. एका तंतूने आलेला प्रकाश तो बत्तीस तंतूंत वाटतो, कुठे आठ, कुठे सोळा, कुठे चौसष्ट. या पेटीला विजेची तार जोडलेली नसते. तिच्यात बॅटरी नाही, पंखा नाही, एकही हलणारा भाग नाही. काचेला काच जोडून प्रकाश आपोआप विभागतो. लाइन गेली तरी खांबावरच्या पेटीला त्याचा पत्ताही नसतो. घरातला राउटर आणि ओएनटी इन्व्हर्टरवर असतील आणि पलीकडे ऑपरेटरकडे वीज असेल, तर अंधाऱ्या गावातही इंटरनेट चालू राहते.

ऑपरेटरकडच्या मुख्य यंत्राला ओएलटी म्हणतात. तिथून सुटलेला प्रत्येक संदेश बत्तीसही घरांत जातो. शेजाऱ्याचा संदेशही आपल्या भिंतीपर्यंत येतो. पण प्रत्येक घराची किल्ली निराळी ठेवता येते, आणि आपला ओएनटी फक्त आपले तेवढे उघडतो. परतीची वाट अधिक अवघड. बत्तीस घरांचा प्रकाश एकाच तंतूत शिरणार, आणि दोन घरे एकदम बोलली तर दोघांचेही बोलणे नासणार. म्हणून ओएलटी प्रत्येकाला वेळ नेमून देते, कॅनॉलच्या पाण्याची पाळी लावतात तशी. फरक इतकाच की पाण्याची पाळी तासांची असते आणि इथे १२५ मायक्रोसेकंदांत एक फेरी पुरी होते. सेकंदाला आठ हजार फेऱ्या.

त्यातही एक पेच आहे. एक घर ओएलटीपासून दोन किलोमीटरवर आणि दुसरे अठरा किलोमीटरवर असले, तर एकाच क्षणी निघालेले प्रकाश वेगवेगळ्या वेळी पोचणार. किलोमीटरमागे पाच मायक्रोसेकंद लागतात. म्हणून नवे कनेक्शन जोडले की ओएलटी आधी त्या घराला हाक मारते, उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजते आणि जवळच्या घराला मुद्दाम थांबायला सांगते. इतके नेमके, की सगळी घरे ओएलटीपासून सारख्याच अंतरावर असल्यासारखी वागू लागतात. गावाच्या टोकाच्या वस्तीला आणि चौकातल्या दुकानाला काचेच्या हिशोबात एकाच अंतरावर आणून ठेवणारी ही युक्ती गावात कोणाला दिसत नाही, पण प्रत्येक ‘पाठवा’च्या मागे ती उभी असते.

लाइनमनची भाषा इथे समजून घ्यावी. तो मीटर लावतो आणि म्हणतो, ‘पॉवर मायनस एकोणीस आहे, चांगली आहे.’ किंवा, ‘मायनस अठ्ठावीस दाखवतंय, जोड बघावा लागेल.’ हे डेसिबलचे माप आहे. शून्य म्हणजे एक मिलिवॅट, मायनस दहा म्हणजे त्याचा दहावा भाग, मायनस वीस म्हणजे शंभरावा, मायनस तीस म्हणजे हजारावा. आकडा जितका खाली तितका प्रकाश कमी. मायनस एकोणीस म्हणजे मिलिवॅटचा जेमतेम ऐंशीवा भाग, आणि एवढ्याशा प्रकाशावर अख्खे घर सिनेमा पाहते. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यातही दिसत नाही. तरीही तंतूच्या उघड्या टोकाकडे कधी रोखून पाहू नये.

जेसीबीने केबल तोडली की ओएनटीवर लाल दिवा लागतो. मग ऑपरेटरचा माणूस तंतूत प्रकाशाची एक टिचकी सोडतो आणि तुटक्या टोकावरून परत येणाऱ्या क्षीण उजेडाची वेळ मोजतो. चाळीस मायक्रोसेकंद लागले तर तुटलेली जागा चार किलोमीटरवर. मग तिथे जाऊन, रस्त्याच्या कडेला बसून, स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन टोके समोरासमोर आणायची, विजेच्या ठिणगीने ती वितळवून एक करायची. आठ-नऊ मायक्रॉनचे गाभे एकमेकांसमोर बिनचूक यायला हवेत. चांगल्या जोडात प्रकाशाचा शंभरावा भागही वाया जात नाही. पावसात छत्रीखाली हे काम करणाऱ्या मुलांच्या हाताला आपण कारागिरी म्हणत नाही. म्हणायला हवे.

ग्रामपंचायतींपर्यंत काच नेण्याची सरकारी योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली आणि २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळाले. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडणे हे तिचे उद्दिष्ट होते, आणि तिच्यातही तालुक्याला ओएलटी, मध्ये बिनविजेचे स्प्लिटर आणि ग्रामपंचायतीत ओएनटी अशीच रचना ठरली. महाराष्ट्रात पुढचा टप्पा महानेट या नावाने आला.

आपला प्रश्न एव्हाना गावाबाहेर पडला आहे. मुंबई रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या आसपास. इतक्या अंतरात प्रकाश मंदावतो, म्हणून साधारण ऐंशी-शंभर किलोमीटरवर त्याला बळ द्यावे लागते. पूर्वी यासाठी प्रकाशाची वीज करायची, ती वाढवायची, पुन्हा प्रकाश करायचा असा द्राविडी प्राणायाम होता. १९८७ साली साउदम्प्टनचे डेव्हिड पेन आणि त्यांचे सहकारी, तसेच अमेरिकेतल्या बेल लॅब्जचे इमॅन्युएल डेसर्व्हिर, यांनी नवा मार्ग दाखवला. काचेत अर्बियम या धातूचे अणू मिसळायचे आणि दुसऱ्या एका लेझरने त्यांना चेतवून ठेवायचे. मंद झालेला प्रकाश त्यांच्यातून जाताना ते अणू स्वतःजवळचा प्रकाश त्याच्यात मिळवतात, त्याच रंगाचा, त्याच लयीत. संदेश काचेतून बाहेर न येताच ताजातवाना होतो. समुद्राच्या तळाशी असेच प्रवर्धक बसवलेले असतात आणि त्यांना किनाऱ्यावरून वीज पुरवतात. अशा अनेक समुद्री केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात.

भारतातल्या दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधला संदेशही एके काळी परदेशात जाऊन परत येत असे, कारण त्या कंपन्या देशात एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. २००३ साली नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, स्थापन झाली ती हा वळसा वाचवण्यासाठी. केनवडहून मुंबईला जाऊन यायला काचेत प्रकाशाला पाच-सहा मिलिसेकंद पुरतात. वाटेतली यंत्रे आणखी काही घेतात. तोच सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर जाऊन-येऊन दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, आणि पैसे कितीही मोजले तरी प्रकाशाचा वेग वाढवून मिळत नाही. सर्व्हर भाड्याने घेताना तो कुठे आहे हे विचारणे म्हणूनच शहाणपणाचे.

क्लाउड राहतो कुठे, याचे महाराष्ट्रातले उत्तर नकाशावर बोट ठेवून देता येते. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुण्यात केंद्र सुरू केले आणि त्या प्रदेशाला ‘सेंट्रल इंडिया’ असे नाव दिले. ॲमेझॉनचा मुंबई प्रदेश जून २०१६ मध्ये सुरू झाला, गुगलचा २०१७ मध्ये. नवी मुंबईत ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात अशा इमारती उभ्या आहेत. पनवेलला जुलै २०२० मध्ये योट्टा कंपनीची उघडली. आत यंत्रांच्या रांगा, आणि ती यंत्रे थंड ठेवण्यासाठी जवळजवळ तेवढीच मोठी व्यवस्था.

या इमारतींत एका मोठ्या यंत्राच्या पोटात अनेक लहान यंत्रे भासमान रूपात चालतात. भाडेकरूला वाटते संगणक आपला एकट्याचा आहे. कधी कधी तर मूळ यंत्र दुरुस्तीला काढताना त्यावर चालणारा असा संगणक न थांबवता दुसऱ्या यंत्रावर हलवतात. मध्ये क्षणाचीही जाणीव होऊ न देता.

साठवणीची युक्ती त्याहून सुंदर. फाइलचे तुकडे करायचे आणि त्या तुकड्यांवरून गणिताने काही जादा तुकडे तयार करायचे. सगळे वेगवेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगवेगळ्या इमारतींत ठेवायचे. त्यातले काही नष्ट झाले तरी उरलेल्यांवरून अख्खी फाइल परत मिळते, कोणते तुकडे गेले याने फरक पडत नाही. याचे एक प्रसिद्ध गणित अर्व्हिंग रीड आणि गस्टाव्ह सॉलोमन यांनी १९६० साली मांडले. तेच गणित चहाच्या टपरीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडमध्ये आहे. एखादा तुकडा फाटला, चहा सांडला, तरी पैसे जातात, कारण गेलेला भाग उरलेल्यातून काढता येतो. ॲमेझॉन आपल्या साठवणीबद्दल म्हणते की एक कोटी फाइली ठेवल्या तर सरासरी दहा हजार वर्षांत एखादी हरवेल.

मग ‘क्लाउडवर टाक, काळजी नाही’ हे मत बरोबर का? अर्धेच. दहा हजार वर्षांचा तो हिशोब डिस्क बिघडण्याचा आहे. पासवर्ड विसरला, भाडे थकले, चुकून स्वतःच पुसले, तर त्या गणिताचा उपयोग नाही. आणि प्रत्येक कंपनीची प्रत्येक सेवा तुकडे अनेक इमारतींत ठेवतेच असेही नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली आणि एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती, त्यांचा मजकूर कायमचा गेला.

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे तर आपल्या काळातले सर्वांत जास्त उच्चारले जाणारे तांत्रिक मत असावे. अर्जाची शेवटची तारीख आली की हमखास ऐकू येते. गंमत अशी की त्या दिवशी सर्व्हर बहुधा बंद पडलेला नसतो. तो जवळजवळ भरलेला असतो, आणि ‘जवळजवळ भरलेला’ ही अवस्था आपल्या अंदाजापेक्षा फार वाईट असते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले ॲग्नर एरलांग यांनी १९०९ पासून रांगांचे गणित मांडायला सुरुवात केली. त्या गणिताच्या सर्वांत साध्या रूपात, सर्व्हर निम्मा व्यस्त असेल तर कामाला एरवीच्या दुप्पट वेळ लागतो. नव्वद टक्के व्यस्त असेल तर दसपट. नव्व्याण्णव टक्के असेल तर शंभरपट. नव्वदवरून नव्व्याण्णववर जायला थोडेसेच लोक वाढावे लागतात, पण एका मिनिटाचे काम शंभर मिनिटांवर जाते. त्यात प्रत्येक जण चिडून पुन्हा पुन्हा बटण दाबतो आणि रांग आणखी वाढते. वायफायचा नियम इथेही लागू पडतो: थोडे थांबावे, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त.

क्लाउडचे खरे मोल मला इथे दिसते. वर्षातले चार दिवस गर्दीचे असतील तर त्या चार दिवसांपुरती जास्त यंत्रे भाड्याने घेता येतात आणि पाचव्या दिवशी सोडता येतात. दुसरा उपाय म्हणजे गर्दीच होऊ न देणे. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून आलेल्या ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये वावरात उभे राहून पिकाची नोंद आणि फोटो घ्यायचा, रेंज नसेल तर तो फोनमध्ये राहतो आणि रेंज आली की वर जातो. शेत आणि सर्व्हर यांची वेळ एकच असायला हवी, हा हट्ट सोडला की दोघांचाही ताण हलका होतो.

खरोखरचा ‘डाऊन’ कसा असतो तो देशाने ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री पाहिला. नऊ वाजून गेल्यावर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले. लोक राउटर बंद-चालू करत राहिले, पण राउटर निर्दोष होते. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने हे तिन्ही चालवणाऱ्या कंपनीची स्वतःची केंद्रे एकमेकांपासून तुटली. नावावरून पत्ता सांगणाऱ्या तिच्या यंत्रांना केंद्रे दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांना शिकवल्याप्रमाणे त्यांनी स्वतःला जगाच्या मार्गपटलावरून काढून घेतले. यंत्रे शाबूत, डिस्क शाबूत, मजकूर शाबूत, फक्त तिथे कसे जायचे हे जगात कोणालाच ठाऊक नव्हते.

आता गटातल्या चर्चेकडे वळू. केनवडच्या प्रश्नाला तिघांनी एकदम उत्तर दिले तर आधी कोणी दिले? तीन फोनची घड्याळे अगदी तंतोतंत कधीच जुळत नाहीत आणि तिघांची वाट निरनिराळ्या लांबीची. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ च्या निबंधात दाखवले की दूरदूरच्या यंत्रांमध्ये सर्वांना सामाईक असा ‘आत्ता’ गृहीत धरता येत नाही. एकाच्या कारणाने दुसरे घडले असेल तेवढ्याच घटनांचा क्रम पक्का सांगता येतो. बाकीच्यांचा क्रम कोणीतरी ठरवायचा असतो, आणि इथे तो ठरतो बहुधा सर्व्हरपर्यंत पोचण्यावरून. म्हणून कधी कधी नंतर लिहिलेले उत्तर आधी आणि आधी लिहिलेले नंतर दिसते, आणि भांडण नसताना भांडण वाटते. वाशिमच्या मध्यमेश्वराच्या देवळाशी प्राचीन गणकांच्या मध्यरेषेची परंपरा जोडलेली आहे. कालगणनेची रेषा ज्या जिल्ह्यातून गेली असे सांगतात, तिथल्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये.

गटातला मजकूर सर्व्हरलाही वाचता येत नाही. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवर तो एका फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि दुसऱ्या फोनमध्येच उघडतो. गटासाठी प्रत्येक सभासद आपली किल्ली इतरांना आधीच स्वतंत्रपणे पाठवून ठेवतो, मग संदेश एकदाच कुलूपबंद करून पाठवला की पुरतो. न पोचलेला संदेश सर्व्हर तसाच बंद अवस्थेत तीस दिवसांपर्यंत सांभाळतो.

या गुप्ततेची दुसरी बाजू महाराष्ट्राने रक्ताने पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. त्या वर्षी देशात अफवांतून अशा अनेक हत्या झाल्या. त्याच महिन्यात पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण येऊ लागली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी ढकलण्याची मर्यादा आली. जानेवारी २०१९ मध्ये ती साऱ्या जगाला लागू झाली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. सर्व्हरला मजकूर कळत नाही, मग किती वेळा ढकलला हे कसे कळते? ती मोजणी संदेशासोबतच कुलपात प्रवास करते आणि फोन ती वाचतो. मजकूर न वाचता फक्त त्याचा वेग कमी करायचा, हा उपाय मला योग्य वाटतो. पण जगभर पाळल्या जाणाऱ्या या नियमामागे जे बळी आहेत त्यांत राईनपाड्याचे पाच जण आहेत, हे मराठी माणसाने विसरू नये.

राहिले ‘आपलं आपल्या घरीच बरं’. गावातल्या जुन्या छायाचित्रांचा, भजनी मंडळाच्या ध्वनिमुद्रणांचा, शाळेच्या हस्तलिखितांचा संग्रह करून तो सर्वांना पाहता यावा असे कोणाला वाटले, तर घरातल्या लहान संगणकावर तो ठेवता येतो. पाच वॅटचा संगणक दिवसरात्र चालला तरी महिन्याला चार युनिटही खात नाही. अडचण पत्त्याची आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. घरातल्या यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे जे पत्ते मिळतात ते घरापुरतेच असतात, लाखो घरांत तेच. वर अनेक ऑपरेटर शेकडो घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. आतून बाहेर जाता येते, पण बाहेरून आलेल्याला नेमके आपले घर सापडत नाही.

नव्या आयपीव्ही-६ पद्धतीत पत्त्यांची संख्या ३९ अंकी आहे आणि तिच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे. तिच्यात एका घराला सर्वांत लहान वाटा मिळाला तरी त्यातले पत्ते जुन्या अख्ख्या इंटरनेटच्या पत्त्यांच्या वर्गाइतके भरतात: ४२९ कोटी गुणिले ४२९ कोटी. म्हणजे ऑपरेटरने वाट मोकळी ठेवली आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढेच एक दार उघडले, तर केनवडच्या घरातला पाच वॅटचा संगणक जगातून थेट गाठता येईल. माझे मत विचाराल तर मूळ संग्रह घरी असावा, एक प्रत वेगळ्या डिस्कवर गावातच दुसऱ्या घरी, आणि एक भाड्याच्या सर्व्हरवर मुंबईत किंवा पुण्यात. लोकांनी पाहायची ती भाड्याच्या सर्व्हरवरची, कारण घरची लाइन जाते. घरची प्रत यासाठी, की भाडे थकले तरी ती राहते.